एका ओळीत जोखीम

त्या रस्त्यावर त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. याला कारण त्यांचा धाकटा दीर. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, आईविना वाढणारा, आणि दिवसातून पन्नास वेळा 'वहिनी, वहिनी' करत त्यांच्या मागेमागे फिरायचा. त्याचं ऐकून शेजारी म्हणू लागले, शेजाऱ्यांचं ऐकून दुकानदार, आणि शेवटी बँकेतल्या कॅशियरनेही तेच उचललं. हे गृहस्थ वहिनींपेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे होते. सगळ्या रस्त्याची वहिनी झालं की थट्टा करायचा हक्क सगळ्यांनाच मिळतो, पण वहिनींची त्याला कधी हरकत नव्हती.

बँक लहानशी. दोन खिडक्या, एक तिजोरीची खोली, दारात एक पहारेकरी. त्या बँकेसाठी वहिनी बावीस वर्षं दारोदार रोजची बचत गोळा करत होत्या. सकाळी दहाला खांद्याला कातडी पिशवी अडकवायची, सदतीस दुकानं आणि कारखाने पायी फिरायचे, ज्याला जेवढे जमतील तेवढे पैसे घ्यायचे, पावती फाडायची आणि पाचच्या आत परत यायचं. निघताना पहारेकरी रोज एकच वाक्य म्हणे, "वहिनी, जोखीम सांभाळा हं." पिशवीकडे बघून म्हणे. मग वहिनी पिशवी पुढे ओढून घेत आणि चालू लागत.

त्यांना तंद्री लागायची. चालता चालता त्या कुठल्या कुठे जात. एकदा तर स्वतःच्या घरावरून पुढे गेल्या आणि तिसऱ्या दाराशी उभं राहून किल्ली लावत बसल्या. आतून त्या घरच्या आजोबांनी दार उघडलं आणि अजिबात न दचकता म्हणाले, "या, चहा टाकतो." पण तंद्री लागणारी माणसं गबाळी असतात हा लोकांचा उगाचचा समज आहे. बावीस वर्षांत त्यांच्या पिशवीतलं एक नाणं इकडचं तिकडे झालं नाही. चोख हिशेब ठेवणारे दोन कॅशियर त्याच काळात नोकरीवरून गेले, ते कशाने गेले ते इथे सांगत नाही.

तंद्रीत त्यांना काय दिसायचं? बहुतेक वेळा पैसेच. पण मोजायचे पैसे नव्हेत. पाववालीच्या पिठाळ नोटा आणि घड्याळजींची गार नाणी पिशवीच्या अंधारात एकमेकांना चिकटून पडली आहेत, संध्याकाळी ती बँकेत शिरतात, रात्रभर तिथे झोपतात आणि सकाळी दुसऱ्याच दाराने कुणाचं तरी शिलाई मशीन होऊन बाहेर पडतात, असं त्यांना दिसे. बँकेचा धंदा त्यांना एवढाच समजला होता. खरं सांगायचं तर त्यात फार काही चुकीचं नव्हतं.

असंच एकदा तो पैसा बटणं होऊन बाहेर पडला होता. दीर चोविसाव्या वर्षी बटणांच्या कारखान्यात कामाला होता, तिथून शिकून त्याने स्वतःचं काम काढलं. बँकेने कर्ज दिलं, तारणाला दोघा भावांच्या राहत्या घराची कागदपत्रं ठेवली. घर कसलं, वर तीन खोल्या आणि खाली कारखाना. प्लास्टिकचे रंगीत पत्रे यायचे, त्यातून गोल चकत्या कापायच्या, भोकं पाडायची, मग लाकडी ड्रममध्ये घालून तासन्‌तास फिरवायचं की बटणं गुळगुळीत होत. थोरल्या भावाचा, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचा, छापखाना बंद पडला तेव्हा तोही धाकट्याच्या हाताखाली ड्रमवर उभा राहिला. लोकांनी भुवया उंचावल्या, भावांनी नाही. ड्रमच्या खळखळाटात त्याचे कान निम्मे गेले, त्यामुळे लोक काय म्हणतात ते त्याला तसंही फारसं ऐकू येत नव्हतं.

कारखान्यात अकरा माणसं होती. शर्ट शिवणारी एकच मोठी कंपनी सगळी बटणं घ्यायची. दर वर्षी बँक कर्ज पुन्हा वर्षभरासाठी चालू ठेवायची. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की कुणाच्या मनात काही आलंच नाही.

मग एका दुपारी वहिनी कारखान्याची बचत घ्यायला गेल्या तर दीर टेबलाशी नुसता बसलेला. त्याने पावतीकडे पाहिलं नाही, एक पत्र पुढे केलं. शर्ट कंपनीने ऑर्डर थांबवली होती. कुठल्याशा लांबच्या शहरांत लोकांनी शर्ट घेणं कमी केलं होतं, कंपनीने आपली निम्मी दुकानं बंद केली होती, आणि 'पुढील कळवेपर्यंत' माल पाठवू नये असं लिहिलं होतं. आतून ड्रमचा आवाज मात्र नेहमीसारखा येत होता.

"अरे, मग आत चाललंय ते कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही."

"म्हणजे?"

"यंत्रं थांबवली की माणसं घरी जाणार, वहिनी. आणि घरी गेलेला कारागीर परत येत नाही. दोन-तीन महिने ढकलतो कसेतरी. बाजार सुधारेल."

"पगार कशातून देतोयस?"

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "बँकेच्याच पैशातून. पुढच्या महिन्यात कर्ज पुन्हा चालू करायचंय, तोवर कुणाला कळता कामा नये. बँकेला नको, माणसांना नको. दादालाही नको. शप्पथ?"

वहिनींना पगार त्याच बँकेचा होता. पण समोर नऊ वर्षांचाच तो बसला होता, फक्त केस पांढरे व्हायला लागले होते. त्या म्हणाल्या, "शप्पथ."

त्यानंतर त्यांची तंद्री बदलली. रस्त्याने जाताना त्यांना तो लांबच्या शहरातला माणूस दिसू लागला. काचेपलीकडे शर्ट टांगलेला, हा अलीकडे उभा. खिशात हात घालतो, काहीतरी आठवतं, हात तसाच बाहेर काढतो आणि पुढे निघून जातो. चांगला माणूस असावा. घरी त्याचीही कुणी वाट बघत असेल. त्याला काय कल्पना की त्याच्या त्या एका पावलाने इथे अकरा घरांतल्या चुली विझायला आल्या? वहिनींना त्याचा राग येई आणि लगेच त्याची दयाही येई. कधीकधी त्या मनातल्या मनात त्याला म्हणत, घे ना रे बाबा एक, निळा तुला शोभेल.

याच सुमारास शेजारच्या गावातल्या एका बँकेने चार दिवस दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी उघडलं, पण तोवर सगळीकडच्या बँकांचं धाबं दणाणलं होतं. वहिनींच्या बँकेत वरून एक नवे साहेब आले. तरुण, शांत, पुस्तकातल्यासारखं बोलणारे. आल्या आल्या त्यांनी बाहेर फिरणाऱ्या सगळ्यांसाठी एक तक्ता काढला. डावीकडे खातेदार, उजवीकडे एक रुंद रकाना, त्याच्या डोक्यावर एकच शब्द, 'जोखीम'. प्रत्येकाची एका ओळीत लिहायची, आठ दिवसांत द्यायची.

वहिनी तक्ता घेऊन कॅशियरच्या खिडकीशी गेल्या. "यात नेमकं काय लिहायचं हो?"

कॅशियर नोटा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जोखीम म्हणजे जोखीम, वहिनी. बावीस वर्षं घेऊन फिरताय आणि मला विचारताय?"

आता यात वहिनींचं काय चुकलं, सांगा. लहानपणी आईबरोबर प्रवासाला निघाल्या की आई कानात म्हणायची, अंगावर जोखीम आहे, गर्दीत शिरू नकोस. पहारेकरी रोज म्हणायचा, जोखीम सांभाळा. जोखीम म्हणजे आपल्याजवळची ती वस्तू, जी हरवली तर आपण संपलो. साहेब नवीन आहेत, त्यांना माणसांची ओळख करून घ्यायची असेल, कोण काय जपतो ते त्यांना जाणून घ्यायचं असेल. किती चांगला विचार, असं वहिनींना वाटलं. आजवरच्या एकाही साहेबाला हे सुचलं नव्हतं.

ते आठ दिवस त्यांच्या आयुष्यातले फार सुंदर गेले. कुणाला विचारायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, कारण तुझ्याजवळ मोलाचं काय आहे असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. नुसतं बघायचं. पावती फाडून झाली की त्या क्षणभर जास्त थांबत. ऊन दुकानांच्या पायऱ्यांवरून सावकाश आत यायचं आणि आतल्या एकेका वस्तूवर बसायचं, तसतसं वहिनींना दिसत जायचं. मग पुढच्या वळणावर उभ्या राहून त्या लिहीत.

पाववाली – भट्टी. एकोणीस वर्षांत थंड झालेली नाही.

घड्याळजी – उजवा डोळा. डावा मागल्या वर्षी गेला.

चपला शिवणारे – बायको. तिला कळू देऊ नये, डोक्यावर बसेल.

वह्या-पेन्सिलींचं दुकान, दोघे भाऊ – एकमेकांशी बोलत नाहीत पण एकाच डब्यातून जेवतात. तो डबा.

कपडे धुऊन देणारी – एक करडा कोट. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून गेला, न्यायला आला नाही. दर महिन्याला झटकून परत टांगते.

सदतिसावी ओळ दिराची. ती त्यांनी घरी, खिडकीशी बसून लिहिली. खालून ड्रमचा आवाज येत होता. याच्याजवळ काय आहे, हा प्रश्नच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि अक्षर थोडं वाकडं झालं: 'बटणांचा कारखाना – अकरा माणसं. ऑर्डर गेली तरी एकालाही घरी पाठवलं नाही.' सगळ्या तक्त्यात ही ओळ त्यांना सर्वांत देखणी वाटली. शप्पथ घेतल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. हाताचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तक्ता दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब हसत होते. "बसा. मला आधी हे सांगा, तो कोट अजून तिथे आहे?"

"आहे की."

"काल मी हे दोनदा वाचलं. घरी बायकोलाही वाचून दाखवलं." मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "पण वहिनी, आम्ही विचारलं होतं ते वेगळं. जोखीम म्हणजे पैसे बुडण्याची भीती. कुणाचं कर्ज बुडू शकेल, का बुडू शकेल, एवढंच."

वहिनींचा चेहरा लालबुंद झाला. "अगं बाई! द्या इकडे. आजच परत लिहून देते." त्यांनी हात पुढे केला.

साहेबांनी कागद सोडला नाही. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. "छत्तीस ओळी परत लिहा," ते म्हणाले. "ही एक आम्हाला हवी होती तशीच आहे."

वहिनींनी ओळ वाचली. स्वतःचंच अक्षर, आणि पहिल्यांदाच वाचल्यासारखं.

"ती खोडा, साहेब."

"खोडली तरी मी वाचलीय ना."

"तो वाईट माणूस नाही हो."

"तसं कुठे म्हणतोय मी? पण तो पगार कुणाच्या पैशातून देतोय?" साहेब हे रागाने नाही, जवळजवळ ओशाळून बोलले. "बँकेकडे स्वतःचं असं काही नसतं. तुमच्या पिशवीतून येतं तेच. ती भट्टीवाली, ते घड्याळजी."

यापुढे त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. वहिनींना दिसलं. पिठाळ नोटा आणि गार नाणी संध्याकाळी बँकेत शिरतात, सकाळी बटणं होऊन बाहेर पडतात, आणि ती बटणं पोत्यांत जाऊन बसतात, पोत्यावर पोतं, छतापर्यंत, आणि शर्ट कुठेच नाहीत. ते पैसे परत यायला दारच नव्हतं. घड्याळजी एका डोळ्याने वाट बघत राहणार. हे सगळं आपणच खांद्यावरून वाहून नेलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेबांनी मार्ग सांगितला. कर्ज निम्मं करायचं. उरलेलं दोन वर्षांत हप्त्याने फेडायचं. कारखाना छोटा करून चालवायचा, त्यात सात माणसांपेक्षा जास्त बसणार नाहीत. घराच्या कागदांना हात लागणार नाही. "हेच तीन महिन्यांनी कळलं असतं तर घर विकण्यावाचून इलाज नव्हता," ते म्हणाले. "उद्या तसं पत्र जाईल. की आधी तुम्ही बोलता?"

"मी बोलते," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी रस्त्यात त्यांना तंद्री लागली नाही. प्रत्येक पायरी, प्रत्येक खांब जागच्या जागी दिसत होता, आणि रस्ता कधी नव्हे इतका लांब झाला होता.

दिराने ऐकून घेतलं. आधी त्याला खरंच वाटेना. मग तो उठून उभा राहिला. "तू? दुसरं कुणी असतं तर समजलो असतो. शप्पथ घेतली होतीस, वहिनी!"

"मी कुणाला सांगितलं नाही रे. मी लिहिलं."

"काय लिहिलंस?"

त्यांनी ओळ म्हणून दाखवली, आणि तो शब्द त्यांना काय वाटला होता तेही सांगितलं. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसताच तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रडायला त्यांनाही येत होतं, पण एका वेळी एकानेच रडावं असा त्या घराचा रिवाज होता.

थोड्या वेळाने त्याने टेबलाच्या खणातून ते पत्र काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला माणसांची नावं ओळीने लिहिली होती. "वेळ आलीच तर म्हणून कधीच लिहून ठेवलंय. ज्याच्या घरी दुसरा पगार येतो त्याने आधी जायचं, असा नियम केला." त्याने कागद त्यांच्याकडे वळवला नाही. "नियम करताना सुचलंच नाही, वहिनी. तो दुसरा पगार तुझा आहे."

वहिनींना त्याचा संताप आला. क्षणभरच, पण सणकून आला. ज्या भावाने याला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं त्याचंच नाव पहिलं! मग तो संताप कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. याच्यावर नाही, साहेबांवर नाही, काचेपाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसावरही नाही.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

दोघं आत गेली. ड्रम फिरत होता. थोरला त्याच्याकडे तोंड करून उभा होता, एप्रनवर पांढरी भुकटी. धाकट्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. थोरल्याने मागे वळून दोघांचे चेहरे पाहिले आणि हात लांब करून यंत्राची कळ दाबली. ड्रम थांबत थांबत थांबला. इतक्या दिवसांत तिथे एवढं शांत कधी नव्हतं. इतर माणसंही हात थांबवून बघू लागली.

"किती जण?" थोरल्याने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "चार."

"पहिला मी ना?"

"दादा, तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तीन आठवडे झाले, एक खोकं बाहेर गेलं नाही." त्याने ड्रमचं झाकण उघडलं, मूठभर बटणं काढली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. "नवा माल कापायचा म्हणजे पत्रे संपणार, पत्रे आणायचे म्हणजे तुला पुन्हा बँकेच्या दारात जायला लागणार. म्हणून आम्ही हीच घालतोय परत परत. सगळ्यांना माहीत आहे. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

धाकट्याने तळहाताकडे पाहिलं. घासून घासून बटणं कागदासारखी पातळ झाली होती, भोकांच्या कडाही उरल्या नव्हत्या. कुठल्याच शर्टाला ती आता लागली नसती.

"झिजवलीस रे सगळी," तो कसाबसा म्हणाला.

"मग? तुझी माणसं कामाला लावून ठेवायची होती ना तुला."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं एका घरात राहून या माणसाने तीन आठवडे त्यांनाही पत्ता लागू दिला नव्हता, आणि त्यांनी त्याला. त्याने एप्रन सोडला, झटकला, घडी करून ड्रमवर ठेवला.

"बाकीच्या तिघांना मी सांगू का?" त्याने विचारलं.

"नको, दादा," धाकटा म्हणाला. त्याने बटणं खिशात टाकली, तोंड पुसलं आणि कापणीच्या टेबलाकडे एकटाच चालत गेला.